निर्बंध उठले, पवारणा राहिली

कोरोना साथीच्या काळात लादलेले निर्बंध महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे गुढीपाडव्याच्या दिवशी, मागे घेतले. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी १४ एप्रिल उजाडली. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आपण घराच्या उंबरठ्याआत, प्रतिमेसमोर मेणबत्ती लावून साजरी केली होती. त्यामुळे २०२२ च्या मिरवणुकीला गावोगावी जो उत्साह आला तो स्वाभाविक होता. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अमडापूर घ्या, किंवा त्याच्या पंचक्रोशीतील शंभर उंबऱ्यांचे एखादे खेडे घ्या. दोन वर्षे कोंडलेली माणसे रस्त्यावर आली, एकमेकांना भेटली, यात वावगे काहीच नव्हते. परंतु साथीच्या ऐन भरात उपासक-उपासिकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येत असे, त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या मिरवणुकीत मागे पडला. ते वाक्य असे होते: यातून वाचलो तर जगण्याची रीत बदलू.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदोपत्रीही साथ संपून आता काळ लोटला आहे. रीत बदलली का? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार धम्माच्या अंगाने करावयाचा आहे. कारण संकट ओसरल्यावर माणसाने कोठे परतावे, हा प्रश्न बौद्ध वाङ्मयाला नवा नाही. खुद्द सिद्धार्थ गौतमासमोर तो राजगृहात उभा राहिला होता.

मृत्यू पाहून मन विरक्त होणे आणि घरी आल्यावर ते पुन्हा पूर्ववत होणे, याला आपल्या भाषेत स्मशानवैराग्य म्हणतात. साथीच्या काळात हे वैराग्य घराघरांत शिरले होते. राज्यातील अधिकृत मृत्यूंची संख्याच सुमारे १ लाख ४८ हजार आहे. देशात २०२० व २०२१ या दोन वर्षांत मिळून सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला आणि भारत सरकारने तो अमान्य केला. आकड्यांचा हा वाद बाजूला ठेवला, तरी वीस माणसांच्या मर्यादेत अंत्यसंस्कार उरकावे लागलेली कुटुंबे प्रत्येक गावात आहेत. इतके सर्व पाहूनही माणसे पूर्ववत झाली, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. प्रस्तुत लेखकास ते वाटत नाही. मृत्यूचे दर्शन माणसाला कायमचे बदलते, हे गृहीतकच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे, आणि बाबासाहेबांनी ते तपासलेले आहे.

परिव्रज्येचा प्रश्न

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत. त्यांपैकी पहिला प्रश्न परिव्रज्येचा आहे. परंपरा सांगते की सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि त्याला वैराग्य आले. बाबासाहेब विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वृद्धत्व, रोग आणि मृत्यू या रोजच्या घटना एकदाही पाहिल्या नसतील, हे बुद्धीला पटावे कसे? पारंपरिक उत्तर त्यांनी नाकारले. त्याऐवजी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी कारण म्हणून मांडला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला. आणि त्या विरोधाची किंमत म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

बहुतेक वाचक येथवरचा भाग जाणतात. यापुढील प्रसंगाकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. सिद्धार्थ राजगृहात असताना पाच परिव्राजक तेथे येतात आणि वार्ता सांगतात की शाक्य व कोलीय यांच्यात सलोखा झाला आहे, युद्ध टळले आहे. आता ज्या कारणासाठी घर सोडले ते कारणच उरले नाही. मग कपिलवस्तूला परतावे काय? माता-पिता आहेत, पत्नी आहे, मूल आहे. परतण्यास कोणाची आडकाठी नाही. सिद्धार्थ या प्रश्नाचा विचार करतो, तेव्हा त्याच्या ध्यानी येते की रोहिणीचे युद्ध हा एका मोठ्या प्रश्नाचा लहानसा तुकडा होता. राजाराजांतील कलह कधीमधी पेटतो. परंतु वर्गावर्गांतील कलह नित्याचा आहे आणि जगातील दुःखाचे मूळ तेथे आहे. म्हणून तो परतत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. संकट टळल्याची वार्ता आली, की त्या संकटाने दाखवलेला मोठा प्रश्न डोळ्यांआड करावयाचा की तो हाती धरावयाचा, एवढाच निवाडा तेथे आहे. स्मशानवैराग्य मृत्यूपाशी सुरू होते आणि मृत्यू नजरेआड झाला की संपते. सिद्धार्थाने जो प्रश्न हाती घेतला तो माणसामाणसांतील संबंधांचा होता, म्हणून तो संपला नाही. धम्म हा सामाजिक आहे, एकट्या माणसाला त्याची गरज नाही, पण दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून गत्यंतर नाही, असे बाबासाहेबांनी याच ग्रंथात प्रतिपादन केले आहे. तेव्हा जीवनातील अग्रक्रमांचा फेरविचार म्हणजे निसर्गाच्या सान्निध्यात चार दिवस काढणे, छंद जोपासणे, धावपळ कमी करणे, असा जो अर्थ शहरी नियतकालिकांतून त्या काळात सांगितला गेला, तो आपल्याला पुरणारा नाही. ज्याच्या घरी धावपळ थांबली की चूल थांबते, त्याने कोणती धावपळ कमी करावी?

साथीने दाखवलेले मोठे प्रश्न कोणते, हे आठवण्यास फार लांब जावे लागत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागून जालना आहे. तेथील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे रेल्वे रुळांवरून पायी निघाले आणि थकून रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. आपल्याकडीलही कितीतरी कुटुंबे सोयाबीन-कापसाची कामे आटोपली की पुण्या-मुंबईकडे, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला जातात. टाळेबंदीत ती परतली, तेव्हा गावाने त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले? जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवणे हा आरोग्याचा नियम होता, त्याविषयी तक्रार नाही. परंतु चौदा दिवस उलटल्यावरही हातपंपावर भांडे लावू न देण्याचे प्रकार जेथे जेथे घडले, तेथे रोगाच्या नावाने जुनेच काही बोलत होते.

त्या काळात 'सामाजिक अंतर' हा शब्द शासकीय फलकांवर सर्वत्र झळकला. ज्या समाजाने हे अंतर शतकानुशतके सोसले त्याच्या कानाला तो शब्द टोचला, यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० पासूनच 'शारीरिक अंतर' हा पर्याय पुढे केला, कारण रोग टाळण्यासाठी शरीरे दूर हवीत, माणसे नव्हेत. तरीही काही विद्वानांनी याच निमित्ताने सोवळेओवळे कसे शास्त्रशुद्ध होते, हे सांगण्याची संधी साधली. त्याला उत्तर सोपे आहे. रोगाचे अंतर रोगापुरते व रोगाच्या काळापुरते असते आणि ते सर्वांना सारखे लागू होते. सोवळे जन्मावर ठरते आणि त्याला मुदत नसते.

रुग्ण आणि त्याची शुश्रूषा

बाबासाहेबांच्या ग्रंथातील आठव्या खंडात बुद्धांच्या रुग्णांविषयीच्या आस्थेचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील कथा मूळ विनयपिटकाच्या महावग्गातील. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान आनंदासह विहारात फिरत असता तेथे आले आणि त्यांनी विचारले की तुझी शुश्रूषा कोण करतो? कोणीही नाही, असे उत्तर मिळाले. कारण विचारता तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी काळजी घेत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोके व एकाने पाय धरून त्याला मंचकावर निजवले. मग संघ एकत्र करून भगवंतांनी बजावले की येथे तुमचे माता-पिता नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला आपली सेवा करावीशी वाटते, त्याने रुग्णाची सेवा करावी.

या कथेत दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली, उपयोग संपला की माणूस टाकून देण्याची वृत्ती संघातही शिरली होती, हे विनयपिटकाने लपवलेले नाही. दुसरी, भगवंतांनी नुसता उपदेश केला नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत तेही सांगितले. औषध सिद्ध करता आले पाहिजे, पथ्य काय व अपथ्य काय ते कळले पाहिजे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा केली पाहिजे, मलमूत्र, थुंकी व वांती उचलताना किळस वाटता कामा नये, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता आला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाच लक्षणे आजच्या परिचारिकेच्या पाठ्यक्रमात घातली तरी परकी वाटणार नाहीत. धीर देण्याचा क्रम शेवटचा आहे. औषध व पथ्य आधी येते.

हे येथे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की साथीच्या दिवसांत रतनसुत्ताच्या पठणाने रोग दूर राहतो, अशा आशयाचे संदेश आपल्याही बांधवांनी एकमेकांना पाठवले. वैशालीत दुष्काळ व रोगराई माजली असता भगवान तेथे गेले, हा प्रसंग अट्ठकथेत या सुत्ताशी जोडलेला आहे, हे खरे. सुत्तपठणाने मन स्थिर होते, हेही खरे. परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासकाने मंत्राची जागा सुत्ताला द्यावी काय, याचा विचार झाला पाहिजे. महावग्गातील भगवान रुग्णापाशी पाण्याचे भांडे घेऊन उभे आहेत.

आणि हे पाण्याचे भांडे साथीत प्रत्यक्ष कोणी उचलले? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्याच्या कामात रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने लागू केला तो हाच कायदा. कायदा सव्वाशे वर्षे टिकला. सेवेची परंपरा कोणी चालवली, असे पाहू गेल्यास दारोदार फिरून तापमान व प्राणवायूचे प्रमाण मोजणाऱ्या आशा स्वयंसेविका आणि प्रेते वाहणारे सफाई कामगार डोळ्यांसमोर येतात. या आशाताईंना तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध जून २०२१ मध्ये राज्यभर संप करावा लागला. गावातील मानाच्या खुर्च्या कोणाला, याचा अग्रक्रम साथीनंतर बदलावयास हवा होता. किती विहारांतील कार्यक्रमांत त्यांना व्यासपीठावर बसवले गेले, हे प्रत्येक गावाने आपले आपण आठवून पाहावे.

दुसरी लाट विदर्भात आधी अमरावती विभागात, फेब्रुवारी २०२१ मध्ये उसळली. आपला जिल्हा त्याच विभागातला. त्या लाटेत गेलेल्यांमध्ये कर्ती माणसे पुष्कळ होती. मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य, दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाची ५ लाखांची ठेव, विधवा भगिनींसाठी 'मिशन वात्सल्य' अशा योजना २०२१ मध्ये निघाल्या. पण योजनेपर्यंत पोहोचण्यास कागद लागतात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कोरोनाचा उल्लेख नसल्याने अडलेली प्रकरणे थोडी नव्हती. येथे ज्याला चार अक्षरे येतात त्या धम्मबांधवाचे काम होते.

पैसा कोठे जातो

भगवंतांनी गृहस्थाला दारिद्र्याचा उपदेश कधीच केला नाही. सिगालोवाद सुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग उद्योगात घालावेत, चौथा भाग आपत्काळासाठी राखावा. दीघजाणु सुत्तातील समजीविता म्हणजेही हेच, की खर्च मिळकतीवर चढू देऊ नये. टाळेबंदीत ज्यांच्या घरी हा चौथा भाग होता ते तरले. ज्यांच्या घरी नव्हता त्यांनी बचत गटाचे वा खाजगी वित्त कंपनीचे कर्ज उचलले. रोजंदारीवर जगणाऱ्याला चौथा भाग राखणे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण जेथे थोडे शिल्लक पडते तेथेही ते कोठे जाते?

२२ एप्रिल २०२१ पासून विवाहास पंचवीसच माणसे आणि दोनच तास, असा नियम होता. मोडणाऱ्यास ५० हजारांचा दंड होता. त्या काळात आपल्या समाजात अनेक मंगल परिणय घराच्या अंगणात पार पडले. बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पंचवीस माणसांचे जेवण. विधी म्हणून त्यात काहीच कमी पडले नाही, कारण बौद्ध विवाहाला मुळात एवढेच लागते. जे धम्माच्या आचाराने सहज व्हावयास हवे होते ते दंडाच्या भीतीने झाले आणि दंड उठताच मंगल कार्यालय, डी. जे. व हजार पानांची पंगत परत आली. मुलीच्या बापाचे कर्जही परत आले. येथे मला कोणाला दूषण द्यावयाचे नाही. लोक काय म्हणतील, ही भीती सर्वांनाच असते. पण ती दोन वर्षे लोकांनी काहीही म्हटले नव्हते, एवढे तरी आपण पाहिले आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास द्यावा, असे आवाहन केले होते. विसावा भाग म्हणजे शंभरातील पाच रुपये. हा पैसा गोळा होतो तेथेही तो बहुधा कमान, रंगरंगोटी व ध्वनिक्षेपक यांवर खर्ची पडतो, आणि मुलांची अभ्यासिका पुढल्या वर्षावर ढकलली जाते. साथीनंतर हा क्रम उलटा होणे अगत्याचे आहे, याचे कारण शाळा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या ग्रामीण मुलाचा वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडला, जानेवारीत पुन्हा बंद झाला. म्हणजे नियमित शाळा त्याला दुसरी संपत आली तेव्हा मिळाली. ज्याच्या घरी स्मार्टफोन होता त्याने थोडेफार गिरवले. ज्याच्या घरी एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, त्याचे मूल अक्षरओळखीचे वय ओलांडून पुढच्या वर्गात गेले. ही मुले आता उच्च प्राथमिक वर्गांत आहेत. त्यांतील कोणाला परिच्छेद वाचता येत नाही, हे शाळेच्या निकालपत्रावरून कळणार नाही. विहारात बसवून वाचावयास लावले तर एका रविवारी कळेल. त्याच दोन वर्षांत शाळा सुटून ज्या मुलींची लग्ने उरकली गेली, त्यांची गणती तर वेगळीच.

वर्षावास आणि पवारणा

बौद्ध परंपरेतही एक निर्बंधांचा काळ आहे. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. पावसात फिरणारे भिक्खू कोवळे गवत व लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी ती रास्त मानली. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून स्वतः थांबणे, हे त्याचे मूळ आहे. या नियमाला अपवादही आहेत. कोणी भिक्खू आजारी असेल, माता वा पिता आजारी असेल, तर बोलावणे आले नसले तरी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा आहे.

वर्षावास संपतो तो पवारणेने. तिच्या उगमाची कथा मोठी बोलकी आहे. कोसल देशातील काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून तीन महिने एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले. पाणी भरणे, आसन मांडणे, सर्व कामे खुणांनी केली. वर्षावासानंतर त्यांनी भगवंतांना मोठ्या अभिमानाने सांगितले की आम्ही सुखाने राहिलो. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली. हे तर जनावरांसारखे एकत्र राहणे झाले. आणि नियम घालून दिला की वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघाला विनंती करावी, माझ्या हातून झालेले जे प्रमाद तुम्ही पाहिले असतील, ऐकले असतील किंवा ज्यांची शंका आली असेल, ते मला सांगा. थोरला भिक्खू आधी विचारतो, धाकटा नंतर.

आपला दोन वर्षांचा सक्तीचा वर्षावास एप्रिल २०२२ मध्ये संपला, पण पवारणा झालीच नाही. एका घरात राहून प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये डोके घातले, कोसलातील भिक्खूंसारखे खुणांनी व्यवहार केले, आणि बाहेर पडताच सुखाने राहिलो असे म्हणून मिरवणुकीला निघालो. सून आजारी असताना तिच्या खोलीशी ताट कोणी ठेवले आणि कोणी ठेवले नाही, हे घरात अजून कोणी बोललेले नाही. गावातही कोणी बोललेले नाही.

वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आपल्या विहारांतून होतेच. आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते, खीरदान होते. अमडापूर परिसरातील विहारांनी त्या संध्याकाळी खिरीपूर्वी तासभर राखून ठेवावा. विहार समितीच्या अध्यक्षांनी आधी उभे राहून विचारावे की त्या दोन वर्षांत व त्यानंतर आमचे काय चुकले. मग इतरांनी विचारावे. कोणाच्या घरचा कर्ता गेला आणि कागद अजून अडला आहे, कोणत्या मुलांना वाचता येत नाही, विसाव्या भागाचे किती जमले आणि ते कशावर गेले, एवढे त्या तासात पुढे येईल. वही व पेन घेऊन एखाद्या शिकलेल्या मुलीला बसवावे, आणि तिने लिहिलेले पुढील पौर्णिमेला वाचून दाखवावे.